दारातला चप्पलजोड

दर रविवारी आमच्या चर्चच्या दारात एकच चप्पलजोड असतो. बाकी सगळे पायताणांसकट आत जातात. शेवंताबाई मात्र देवळात शिरावं तशा चप्पल काढून अनवाणी आत येतात.

वर्षभर त्या बाप्तिस्म्याची तयारी करताहेत. फादरांचं प्रवचन संपलं, की बाप्तिस्मा न झालेल्यांनी बाहेर पडायचं, अशी रीत आहे. मग व्हरांड्यात सिस्टर त्यांना प्रार्थना शिकवतात. एकदा बाहेर जायला उठताना शेवंताबाई मला हळूच म्हणाल्या, "पोरी, मला शेवटपर्यंत बसू देतील ना गं कधी?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी मी लायब्ररीच्या दारात चप्पल काढली आणि मुली हसल्या. दुसऱ्या दिवसापासून काढली नाही. आत गेले खरी, पण माझं काहीतरी त्या दारातच राहिलं, असं अजून वाटतं.

परवाच्या रविवारी प्रवचनानंतर मी आत दाराशी बसले होते. बाहेर व्हरांड्यातून सिस्टरांचा आवाज आला, "बाई, इथं चप्पल चालते हो. निदान बाप्तिस्म्याच्या दिवशी तरी घाला."

"त्या दिवशी तर काढणारच, सिस्टर. पाण्यात कोण चप्पल घालून उतरतं?"

पाणी नुसतं डोक्यावर ओततात, हे सिस्टरांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पुढची प्रार्थना सुरू केली.

आत सगळे प्रार्थनेला उठले. मीही उठून समोर पाहिलं. दारापासून वेदीपर्यंतची फरशी उन्हात पाण्यासारखी हलत होती, आणि आम्ही सगळे चपला घालून तिच्यात उभे होतो.