चार दारांपुढचे मुळे

"दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि ते कायमचं," तळेगावच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. माझ्या वडिलांनी, आबांनी, एवढंच विचारलं, "आवणीला उभं ऱ्हाता येईल का?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मी मान खाली घातली.

आवणी म्हणजे भाताची रोपं चिखलात लावणं. आमच्या गावी, वडिवळ्याला, आमची भाताची दोन खाचरं आहेत. आबांचे पाय चार महिने सुजत होते, पण ते चिखलात उभं राहून सुजतात असं समजून आम्ही तेल चोळत बसलो. तोंडाची चव गेली, अंगाला खाज सुटली, त्यावरही घरचंच औषध. क्रिएटिनिन नावाची साधी रक्ततपासणी असते. किडनी रक्तातला कचरा किती मागे सोडतेय, ते तिच्यात कळतं. ती आम्ही वेळेत केलीच नाही. तुमच्या घरात कुणाचे पाय सुजत असतील तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि आधी रक्त तपासा.

डाव्या हाताला फिस्टुला केला, म्हणजे शीर आणि धमनी एकमेकींना जोडली. सुया तिथे टोचतात आणि त्या हाताने ओझं उचलायचं नसतं. पाणी दिवसाला लिटरभर, चहा धरून. ज्या माणसाचा जन्म पाण्यात उभं राहण्यात गेला, त्याला मी वाटीने पाणी देत होते.

एकेक डायलिसिस चार तास चालायचं. मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनला काम करते. माझ्यासोबतच्या मुलीने आबांना वेळ घालवायला म्हणून माझ्या फोनवर शेतीचा एक गेम टाकून दिला. छोटंसं गाव, रंगीत घरं. बी पेरायचं, पाणी घालायचं, चौथ्या दिवशी मुळा तयार. शेजारी आपले दारात उभे राहून हसतात. मला तो पाहताक्षणी आवडला नाही. सगळं गोडगोड, कुणी म्हणून आजारी पडत नाही. आबांनीही नाक मुरडलं. "ह्ये कसलं शेत? चिखल न्हाई, खेकडा न्हाई."

पण पुढच्या खेपेला त्यांनीच फोन मागितला. मग ते दर खेपेचंच झालं. मोकळ्या हाताच्या अंगठ्याने मुळे लावायचे, उपटायचे आणि गावातल्या चार दारांत नेऊन द्यायचे. नेहमी तीच चार दारं, बाकीच्या घरांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. त्या चारांतल्या एका म्हाताऱ्याला मुळा आवडायचा नाही, तो तोंड वाकडं करायचा. मी म्हटलं, "आबा, त्याला मासा द्या, आवडती भेट दिली की या गेममध्ये मैत्री वाढते."

"मला मैत्री न्हाई वाढवायची," ते म्हणाले आणि पुढचा मुळा उपटला.

जुलैत आमची खाचरं शेजाऱ्यांनी लावली. आम्ही दोघं त्या दिवशी दवाखान्यात होतो. ऐन सीझन, हॉटेल खच्चून भरलेलं, सुट्टीपायी मी मॅनेजरची बोलणी खाऊन आले होते. आणि आबा मुळे वाटत होते. माझा तोल गेला. "तिकडे खऱ्या शेतात लोक पावसात राबतायत, आणि तुम्ही इथे पोरखेळ करताय!"

आबांनी फोन छातीवर पालथा ठेवला. 

"चार घरं आल्यात आपल्या आवणीला, दरसालावानी," ते म्हणाले. "ठकू, बबन, समदी. मी त्यांच्या खाचरात कवा जायचं? ही सावड मी फेडायची कशी, सांग की."

सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. आबांनी ती आयुष्यात एकदाही चुकवली नव्हती.

"गेम खोटा हाय, कळतंय मला. पण हितं कुणाच्या दारात जाता तरी येतंय."

 मी त्यांचे पाय दाबत बसले. तेव्हाही ते सुजलेलेच होते. माझं ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. तुम्ही कुणाच्या डायलिसिसला बसत असाल तर रागवायच्या आधी एकदा विचारा, काय खेळताय म्हणून.

त्या दिवसापासून मीही खेळले. पाणी मी घालायची, मुळे आबा पोचवायचे.

माघात एका दुपारी डायलिसिस चालू असतानाच त्यांचं बीपी एकदम खाली गेलं. डॉक्टरांनी, नर्सताईंनी शिकस्त केली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण आबा गेले.

त्या वर्षी मी आमच्या खाचरांसाठी बी पेरून रोप टाकलंच नाही. आबाच नाहीत तर भात कुणासाठी, असं वाटायचं. पण जुलैत चार दिवसांची सुट्टी काढून वडिवळ्याला गेले. रोज एका घरची आवणी. पाठ मोडली, पाय कुजले. शेवटचं खाचर आमची शेजारीण ठकूमावशी हिचं. रांगेत तिने मला आबांच्या जागी उभं केलं.

संध्याकाळी हातपाय धुताना मी म्हटलं, "मावशी, आबांची सावड फिटली."

"त्याची फिटली गं," मावशी म्हणाली. "आता तुझी आमच्यावर चढली न्हाई का? तुझ्या खाचरात कदी येऊ?"

"माझ्याकडे रोपच नाही."

"माझं उरलंय की लय."

मला रडू फुटलं. मावशी माझ्या पायांवर पाणी ओतत राहिली. मग मी हॉटेलला फोन लावला आणि आणखी एक दिवस सुट्टी मागितली.