माईंनी मला बसवलं

माई गेल्याचं मला भाजीवालीकडून कळलं. सक्करदऱ्याकडून टोपली घेऊन येते ती. मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाली, "इतवारीतल्या त्या वकिलीणबाई गेल्या म्हणे. आठ दिवस झाले." मी जुडी हातात धरून तशीच उभी राहिले... मला कोण कळवणार होतं? मी त्यांची कोणीच नव्हते.

आज महिना झाला. लेक सासरी, घरात बोलायला कोणी नाही, म्हणून तिच्या जुन्या वहीत लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. चुकेल तिथे चुकेल.

माझे यजमान गिरणीत होते. चालत्या यंत्रावरचा कापूस काढताना पट्ट्याने त्यांना ओढलं, ते जागीच गेले. गिरणी म्हणाली, यंत्र थांबवायचा नियम त्यांनीच मोडला, म्हणून भरपाई नाही. थांबवू नको असं मुकादमच ओरडला होता. शेजारच्या यंत्रावरच्या गणपतने ते ऐकलं होतं, पण बोलला असता तर नोकरी गेली असती. मला पाहिलं की तो गल्ली बदलायचा. तीन वर्षांची पोर कडेवर घेऊन मी वकिलांकडे गेले, तर त्यांच्यासमोर तोंडातून शब्द निघेना. तेव्हा त्यांच्या पत्नीने, म्हणजे माईंनी, मला स्वयंपाकघरात नेलं आणि पुढ्यात निवडायला तांदूळ ठेवले. मी ताटाकडे पाहून सांगत गेले. त्या दाराआडून वकिलांना सांगत गेल्या.

"साक्षीदार पाहिजे," वकील म्हणाले. संक्रांतीला माईंनी गिरणीतल्या कामगारांच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं आणि मलाही निरोप धाडला. मला वाटलं, भांडी घासायला असेल. मागच्या दाराने गेले. माईंनी हाताला धरून मला बायांच्या रांगेत नेलं आणि गणपतच्या बायकोशेजारी, काशीशेजारी बसवलं.

"हे काय माई, शुभाच्या दिवशी?" एक म्हातारी पुटपुटली.

"काहून? हिचा नवरा तुमच्याच मालकांसंगं कामाले जात होता ना? आज ही बसली. उद्या या जागी कोण बसंल, सांगता का कोणी?"

मी उठायला लागले तर काशीने माझा पदर ओढला. "बस वं," म्हणाली, आणि आपला तिळगूळ माझ्या हातावर ठेवला. मला मात्र माईंचा रागच आला होता... चारचौघींत माझं रिकामं कपाळ मांडून ठेवलं म्हणून.

तिसऱ्या दिवशी गणपत वकिलांकडे आला. त्याच्या साक्षीवर निकाल आमच्या बाजूने लागला. माझी पोर वाढली, शिकली. गणपतची नोकरी गेली. नवराबायको नरखेडकडे संत्र्याच्या बागेत राबायला गेली. मी त्यांना निरोप द्यायलाही गेले नाही. माईंकडेही परत गेले नाही. काय म्हणून जायचं, हेच सुचलं नाही... अशी सोळा वर्षं गेली.

माईंच्या तेराव्याला गेले. भिंतीशी आठ-दहा बाया बसलेल्या, एकमेकींपासून हातभर लांब. बहुतेकींची कपाळं माझ्यासारखी. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. मला इतकी वर्षं वाटत होतं, माई माझ्या एकटीच्याच... या बायांनाही तसंच वाटत असणार. माझ्या बाजूला एक तरणी पोर मान खाली घालून बसली होती, मांडीवर तान्हं. हिचा तर दावा, साक्ष, अजून सगळंच व्हायचं असणार. आता हिचं कोण ऐकून घेणार? बराच वेळ मला धीर झाला नाही. मग सरकून तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "तुझे मालक कुठं कामाले होते वं?"