कडुलिंबाची गोड फांदी आणि माझी पोळलेली जीभ

माझं आयुष्य बदललं ते नळदुर्गच्या एसटी स्टँडसमोर, गुरुवारी सकाळी सव्वानऊला, मी उकळता चहा एका घोटात प्यायलो त्या क्षणी. पुढचं सगळं त्या चहामुळं झालं, म्हणून ते आधीच सांगून टाकलं. आता रीतसर सुरुवात करतो.

आमच्या उमरग्यात तात्यांचं कापडाचं दुकान आहे. तात्यांची मुलगी अश्विनी बी. फार्मसी करते. मी तिच्या प्रेमात आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, एक तात्या सोडून. मी स्वतः बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत होतो. प्रॅक्टिकलला माझं रीडिंग तेरा पॉइंट सहा आलं. सर म्हणाले, "दरवर्षी दहा पॉइंट दोन येतं, तेच लिही." मी म्हणालो, जे आलं ते लिहिणार. शब्दाला शब्द वाढला, मी जर्नल टेबलावर फेकलं आणि लॅबचं दार असं आपटलं की वरची काच खाली आली. परत गेलोच नाही. तेव्हापासून मामाची काळीपिवळी उमरगा ते मुरूम चालवतो. गावात माझं एवढंच नाव आहे: पोरगं भांडखोर, पण खोटं बोलत नाही.

तात्यांचे जुने दोस्त माने सर, शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर. तात्या सगळं मानतात, सर काहीच मानत नाहीत. गेली तीस वर्षं रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर चहा पीत दोघं यावरच भांडतात. या वेळचं भांडण होतं अणदूरच्या पुढच्या एका दर्ग्यावरच्या कडुलिंबाचं. तात्या म्हणत, त्या झाडाची बाबांच्या समाधीवरची फांदी गोड आहे, बाकी सगळं झाड कडू.

"तुम्ही पान चाखलं?" सरांनी विचारलं.

"दोनदा."

"आणि त्याच्या आधी काय खाल्लं?"

"खडीसाखर. प्रसाद असतो तो."

"मग बरोबर आहे. खडीसाखरेवर कारलंसुद्धा गोड लागतं."

तात्यांनी कप पायरीवर ठेवला. "चला मग. साखर न खाता बघू." असं ठरलं. गाडी कुणाची, तर माझी. अश्विनीला कॉलेजला सुट्टी होती, तीही निघाली. मी आदल्या दिवशी गाडी आतून-बाहेरून धुतली आणि मागच्या काचेवरचं मामानं लिहिलेलं 'बघतोस काय' खरवडून काढलं.

उमरगा ते नळदुर्ग

सकाळी आठला निघा. हायवे चांगला आहे, तासाभरात नळदुर्ग येतं. ट्रक मात्र लई, हैदराबादकडचे लोक उजवी लेन आंदण मिळाल्यागत धरून बसतात. माझं एकाशी येणेगूरजवळ थोडं झालं, ते सोडा.

नळदुर्गचा किल्ला बघाच. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय. नर-मादी धबधबे पाहायचे तर पावसाळ्यात या. आमच्यासारखं फेब्रुवारीत गेलात तर नुसता दगड दिसेल आणि गाइड म्हणेल, इथनं पाणी पडतं, मनात आणा.

"हे तर तुमच्या फांदीसारखं झालं," सर तात्यांना म्हणाले. तात्यांनी गाडीत बसताना दार सरांच्या तोंडावर लावून घेतलं.

पण ते नंतरचं. किल्ल्याच्या आधी चहा झाला. स्टँडसमोर चहा दहा रुपये, सुशीला पंचवीस. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तिखट पोह्यासारखा प्रकार, वर शेंगदाणे. पुण्या-मुंबईकडच्यांनी खाऊन बघावा. चहा आला तशी अश्विनी हॉटेलवाल्या मामांना म्हणाली, "याला बशी द्या हो. याला गरम सोसत नाही."

साधं वाक्य आहे. शहाण्या माणसानं बशी घेतली असती. पण समोर तिचे वडील, शेजारच्या बाकावर चार ट्रकवाले, आणि तिनं मला बशी द्यायला सांगितली, लहान लेकराला देतात तशी.

"बशी कशाला?" मी म्हणालो आणि कप तोंडाला लावून रिकामा केला.

हॉटेलवाले मामा बघतच राहिले. "आरं, आत्ताच उतरवलाय त्यो."

मी मान हलवली. बोलता येत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी एसटीचं वेळापत्रक वाचायच्या निमित्तानं पुसलं. किल्ल्यात दीड तास मी एक शब्द बोललो नाही. तात्या सरांना हळूच म्हणाले, "पोरगं शांत आहे हो. उगाच बदनाम केलंय लोकांनी."

दर्गा

अणदूर सोडलं की एका ठिकाणी आत वळायचं. वळण आणि गावाचं नाव मी देणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. तिथल्या चाचांना शब्द दिलाय. रस्ता कच्चा, दोन्हीकडं ज्वारी काढणीला आलेली, दहा-बारा किलोमीटरला पाऊण तास. पाणी बरोबर ठेवा.

जागा मात्र झकास. माळावर एकच मोठा कडुलिंब, त्याच्याखाली हिरव्या चादरीची मजार. तात्या तिला समाधी म्हणतात, गुरुवारी नारळ फोडतात. दर्ग्याची देखभाल करणारे मुजावर हमीदचाचा तिला मजार म्हणतात आणि नारळाची करवंटी उचलून ठेवतात. दोघांचं उत्तम जमतं.

गोड फांदी लांबूनच ओळखू येते, कारण हात पोचेल तिथपर्यंत तिला पानच नाही. लोकांनी ओरबाडून नेलंय. वर थोडी कोवळी पालवी, तांबूस. ती काढायला चाचांनी वेळूची आकडी ठेवलीय.

सर खुश झाले. "बघा तात्या. या फांदीची पानं लोक सारखी तोडतात, म्हणून तिला सारखी कोवळी पालवी फुटते. कोवळं पान कमी कडू असतं. झाला तुमचा चमत्कार."

"पण लोक हीच फांदी का तोडतात?"

"ती गोड आहे म्हणून ऐकलंय त्यांनी."

"मग ऐकलं कुणाकडनं? आधी कुणीतरी गोड पान खाल्लं असंल की."

सरांनी चष्मा काढून पुसला. हा मुद्दा त्यांना नवा असावा.

आता चाखणार कोण? तात्या चाखणार तर गोडच म्हणणार, सर चाखणार तर कडूच. अश्विनीचं नाव निघालं तेव्हा तात्या म्हणाले, "ती सरांची विद्यार्थिनी आहे, ती नको." सर म्हणाले, "ती तुमची मुलगी आहे, ती तर मुळीच नको." अर्धा तास गेला. आजूबाजूला दर्शनाला आलेले वीसेक लोक जमले. शेवटी हमीदचाचा आकडी टेकवून उठले.

"लई झालं की तुमचं. त्या डायवर पोराला द्या ना. त्याला ना घेणं ना देणं."

सर माझ्याकडं वळले. "हा चालेल. हा खोटं बोलत नाही. कॉलेज सोडलंय यानं, खोटं रीडिंग लिहीना म्हणून."

"मलाबी चालेल," तात्या म्हणाले.

सरांनी परीक्षा मात्र कडक घेतली. हापशावर तीनदा चूळ भरायला लावली. खडीसाखर लांब ठेवली. माझे खिसेसुद्धा बघितले. साखर, पाणी, फांदी, खिसे, सगळं तपासलं. जीभ तेवढी कुणी तपासली नाही.

मी पान तोंडात टाकलं. चावलं. काही नाही. कागद चावल्यासारखं. आणखी दोन पानं घेतली. काहीच नाही. वीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती आणि माझं तोंड वाकडं व्हायला तयार नव्हतं.

"कडू लागलं का?" तात्यांनी विचारलं.

आता इथं मी काय म्हणायला पाहिजे होतं ते मला माहीत आहे. माझी जीभ पोळलीय, असं म्हणायला पाहिजे होतं. पण ते म्हटलं तर बशीची गोष्ट निघणार होती. मी म्हणालो, "नाही."

एक बाई पुढं झाल्या आणि त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरबरोबरचं पोरगं हाय म्हणं. देव न मानणारं." तात्यांनी सगळं मोबाइलवर घेतलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्या हाताकडं मी चार वर्षं कापडाच्या दुकानाबाहेरून बघत आलो, तो हात. सर पारावर बसून बुटाची नाडी सोडत-बांधत राहिले. अश्विनी झाडाच्या पलीकडं जाऊन काहीतरी तोडत होती.

परतीचा रस्ता

अणदूरला खंडोबासाठी थांबलो. टीप घेऊन ठेवा: ही मूर्ती वर्षातले काही महिने अणदूरला आणि काही नळदुर्गला असते, म्हणून निघायच्या आधी विचारून घ्या, नाहीतर देव एका गावात आणि तुम्ही दुसऱ्या. आम्हाला दर्शन झालं. जेवण शेजारच्या खानावळीत, शंभर रुपयांत भाकरी, शेंगाची चटणी, पातळ पिठलं. तात्यांनी मला शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हातानं वाढलं. खानावळवाल्यालाही व्हिडिओ दाखवला.

हात धुताना अश्विनी माझ्या मागं उभी होती. तांब्या माझ्या हातावर ओतत म्हणाली, "लिहिलंस ना शेवटी दहा पॉइंट दोन."

मी वळलो तोवर ती गाडीत बसली होती. उमरग्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. बाहेर तूर काढलेली रानं होती, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

घरी

सहसा अशा लेखात शेवटी लोक लिहितात, मन अजून तिथंच आहे. माझं मन तिथं नव्हतं, ते बशीत अडकलं होतं. तात्यांनी माझा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. कापड घ्यायला येणारा प्रत्येक माणूस तो बघत होता. मुरूमच्या फेरीत दोन म्हाताऱ्यांनी मला आशीर्वाद मागितला; मी म्हणालो, मागं सरका, अजून तीन सीट बसायच्यात. रविवारी तात्यांचा निरोप आला, घरी चहाला ये. चार वर्षांत त्या घराच्या पुढच्या दारानं मी पहिल्यांदा आत गेलो.

माने सरही होते, रुसलेले, पण होते. तात्या म्हणाले, "पुढच्या गुरुवारी बाजारातली धा-बारा माणसं न्यायचीत. तुझीच गाडी. तू नुसतं सांगायचं, कडू लागलं नाही. आणि हे बघ, दुकानात मला एक भरवशाचा माणूस पाहिजे. घरातलाच समज."

घरातला. हा शब्द त्यांनी स्वतःहून काढला होता. आतल्या दारात अश्विनी उभी होती, चेहऱ्यावर काहीच नाही. लॅबमध्येही असंच झालं होतं: दहा पॉइंट दोन लिहिलं की सगळे खुश.

"तात्या," मी म्हणालो, "माझी जीभ पोळली होती. नळदुर्गच्या चहानं. मला त्या दिवशी कशाचीच चव नव्हती."

तात्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "नळदुर्गचा चहा दर्ग्याच्या आधी झाला का नंतर?"

"आधी."

"बघा सर. म्हणजे बाबानं आधीच तयारी करून ठेवली."

"हद्द झाली, तात्या," सर म्हणाले आणि खुर्ची माझ्याकडं ओढली. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे पान कडू होतं. होय ना?"

"ते पण नाही सांगता येणार, सर. मला चवच नव्हती."

"अरे, कडुलिंब आहे तो."

"असेल. मी नाही चाखला."

"मग तुला नेलं कशाला होतं?" दोघं एकदम म्हणाले. तीस वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध.

अश्विनी आत गेली आणि ताटली घेऊन आली. ताटलीत ओल्या फडक्यावर पानांच्या तीन जुड्या, दोऱ्यानं बांधलेल्या, एकेकीला आकडा. "गुरुवारपासून फ्रिजमध्ये आहेत," ती मला म्हणाली. "चहा पिताना मी समोरच होते. तू वेळापत्रक वाचत होतास ते पण बघितलं. सांगतोस का म्हणून थांबले होते. आज नसतं सांगितलंस तर पानं टाकून देणार होते." मग ताटली पुढं केली. "कुठली कुठनं आणलीय ते चिठ्ठीत आहे. चिठ्ठी माझ्याकडं. चाख."

पहिलं पान चावलं आणि माझे कान हलले. दुसरं तितकंच. चूळ भरून तिसरं घेतलं. तेही कडू, पण जरा कमी, गिळता येईल इतपत.

"तिसरं कमी कडू," मी म्हणालो. तात्या खुर्चीतून पुढं सरकले.

अश्विनीनं चिठ्ठी वाचली. "एक, बाबांची फांदी. दोन, त्याच झाडाची पलीकडची फांदी. तीन, आपल्या परसातला कडुलिंब. धुण्याच्या दगडावरची फांदी."

तात्या उठले, चपला घातल्या आणि मागच्या दारानं परसात गेले. सर त्यांच्यामागं धावले. "तात्या, तिथं झेंडा लावू नका."

"मी नुसता बघतोय."

"हात कशाला जोडले मग?"

पुढच्या खोलीत आम्ही दोघंच राहिलो. माझं तोंड अजून वाकडं होतं. मी पाणी मागितलं.

"राहू दे जरा चव," ती म्हणाली. मग ताटली बाजूला ठेवत, दुसरंच काही बोलत असल्यासारखं: "कॉलेजचे फॉर्म शुक्रवारपर्यंत आहेत. ते लॅबवाले सर अजून तिथंच आहेत. काच नवी बसवलीय."

"आणि माझं रीडिंग परत तेरा पॉइंट सहा आलं तर?"

"तर तेरा पॉइंट सहा लिही. आणि तिथंच बस."

परसात दोघांचा आवाज चढला होता. माझ्यासाठी आणलेला चहा टेबलावर तसाच होता. मी बशी घेतली, त्यात ओतला, फुंकर घातली आणि तिच्यासमोर सावकाश प्यायलो. चहाही कडूच लागला. मग बाहेर पडलो. त्या दारालाही वर काच आहे. मी ते हळूच ओढून घेतलं आणि कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत धरून ठेवलं.