पोटातली पाणीवाटणी

आमच्या सासरी पाण्यावरून भांडण झालं नाही असं वर्ष जात नाही. त्यामुळे माझ्या पोटातली जुळी पाण्यावरूनच अडचणीत आली, तेव्हा घराण्याचं नाव जन्माआधीच राखलं, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो हसला नाही.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. दोन्ही बाळांना मिळून वार एकच, आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्या आतून एकमेकींना जोडलेल्या. एकाचं रक्त दुसऱ्याकडे जात होतं. देणारं रोडावलं होतं, त्याच्याभोवतीचं पाणी आटलं होतं. घेणाऱ्याच्या पिशवीत पाणी वाढतच होतं. मुलगा की मुलगी हे कायद्याने सांगत नाहीत, पण पाणी कोण पळवतंय ते कळलं, आणि माझ्या सासऱ्यांना तेवढं पुरलं.

पावसजवळच्या आमच्या आंब्याच्या बागेत विहीर एकच. वाटणीत ती सासऱ्यांकडे आली. मधे जांभ्या दगडाचा गडगा, पलीकडे त्यांचे थोरले भाऊ. या मोठ्या काकांनी एका लग्नात सगळ्यांदेखत सासऱ्यांना हावरट म्हटलं, आणि सासऱ्यांनी घरी येऊन विहिरीवरून पलीकडे जाणारा त्यांचा पाइप उखडला. तेव्हापासून काकांची नवी कलमं टँकरवर जगत होती. म्हणजे पाणी अडवण्यातले सासरे चांगले जाणकार. तरी त्यांनी बाजू घेतली ती देणाऱ्या बाळाची. देवळात नारळ ठेवून त्यांनी स्वतःच गाऱ्हाणं घातलं: "बा म्हाराजा, सुनेच्या पोटातलं मोठं लेकरू धाकट्याचं पाणी ओढतंय. त्याला समज दे." आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हटलं. न जन्मलेल्या पोराविरुद्ध तक्रार गेली.

शिवाय रोज शहाळं. "हे धाकट्यासाठी हां गो."

"आणि मोठ्याने वाटेतच घेतलं तर?" मी विचारलं. ते खरोखरच विचारात पडले.

पुढच्या तपासणीला ते हट्टाने सोबत आले. डॉक्टरांनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, की मोठ्या बाळाच्या हृदयावर ताण आलाय.

"त्याला कसा?" सासरे म्हणाले. "त्याला तर सगळं भरपूर मिळतंय."

"म्हणूनच. इतकं त्याला झेपत नाही, हृदय दमलंय." मुंबईला जाऊन लेझरने त्या जोडलेल्या रक्तवाहिन्या बंद कराव्या लागतील, नाहीतर दोन्ही बाळं जाऊ शकतात, आणि करूनही दोन्ही राहतील अशी खात्री नाही, असं त्या म्हणाल्या.

परतताना सासऱ्यांनी गाडी देवळापाशी थांबवायला लावली. नवा नारळ घेतला आणि तक्रार मागे घेतली. "म्हाराजा, मागचं गाऱ्हाणं चुकलं. मोठ्याचा काय दोष नाय. दोघांना सांभाळ." एरवी मी हे वर्षभर सगळ्यांना सांगत हसले असते. त्या दिवशी "व्हय म्हाराजा" मीच सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. मला फार भीती वाटत होती.

मुंबईत लेझर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासलं, दोन्ही ठोके होते. मी घरी फोन लावला. सासऱ्यांनी उचलला, त्यांना सांगितलं. मागे पंपाचा आवाज येत होता.

"बाबा, पंप कसा चालू? आपल्या कलमांना तर परवाच पाणी दिलंय ना?"

"दादाकडे सोडलंय."

"काय सांगता?"

"डॉक्टरीण म्हणाली ना गो, जास्त झेपत नाय."

दोघी मुली निघाल्या. रक्ताची थोडी देवाणघेवाण लेझरनंतरही शेवटपर्यंत चालूच राहिली असावी, कारण एक फिकट आली आणि एक लालबुंद. फिकटीला रक्त द्यावं लागलं, लालबुंद नुसतीच ओरडत होती. दोघींना घरी आणलं त्या आठवड्यात मोठे काका गडगा ओलांडून आले. कित्येक वर्षांनी आमच्या ओटीवर बसले. त्यांनी अंगाने भरलेली मांडीवर घेतली आणि विचारलं, "हीच काय ती हावरट?"

"तिला तसं म्हणू नको, दादा," सासरे म्हणाले. "तिला तरी कुठे कळत होतं."

काकांनी तिला उचलून आपल्या भावाच्या मांडीवर ठेवलं आणि दुसरी मागून घेतली.