अलिंपीच्या दिवसाचे तीन यजमान

मोरावा नदीकाठच्या त्या शहरात थंडी पडली की कोणाची घरं आधी तापतात, आणि ते ठरवतं कोण? प्राध्यापक विदोसावाबाईंनी आठ वर्षं या एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. नगरसभेत सगळ्यांनी कॉफी पाजली, उत्तर कोणी दिलं नाही. ते दिलं नळांतून घराघरांत ऊब पोचवणाऱ्या गरम पाण्याच्या केंद्रावरच्या मिलोयेकाकांनी. वस्त्यावस्त्यांचे व्हॉल्व्ह ते आणि त्यांचे दोन सोबती, द्रागोल्युब आणि स्रेतेन, फिरवायचे.

"कोणाच्या फोनवर कुठला व्हॉल्व्ह आधी उघडतो, ते मला विचार पोरी," ते म्हणाले. "फक्त माझं नाव घालू नकोस. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत."

पुस्तक लिहिताना बाईंनी नाव बदललं, वय बदललं, काकांच्या झुपकेदार मिशासुद्धा उडवल्या. पण लिहिण्याच्या भरात एक वाक्य राहून गेलं: हा माणूस संत अलिंपीच्या दिवशीही घरचे पाहुणे सोडून कामावर धावला होता. पुस्तक छापून आलं तेव्हा कुठे ते बाईंच्या नजरेस पडलं. तिथे प्रत्येक घराण्याचा संत एकच, बापाकडून मुलाकडे आलेला, आणि त्याच्या दिवशी घरात सण. केंद्रावर बाकी सगळ्यांचा निकोला नाहीतर जॉर्ज. अलिंपी एकट्या मिलोयेकाकांचा. त्यापेक्षा फोटोच छापायचा होता!

नऊ डिसेंबरला, अलिंपीच्याच दिवशी, त्या काकांच्या दारात उभ्या राहिल्या. बोलावणं नव्हतं, पण या दिवशी ते कोणालाच नसतं. आत मेणबत्ती तेवत होती.

"ये, आधी सणाचा गोड गहू खा."

"काका, माझ्यामुळे तुमची नोकरी..."

"केंद्राचा साहेब पुस्तक वाचून येऊन गेला ना सकाळी! मेणबत्ती बघून म्हणतो, 'सापडलास, मिलोये.' मी म्हटलं, 'साहेब, द्रागोल्युबकडेही डोकावून या. स्रेतेनकडेही.'"

"पण त्यांचा संत तर निकोला!"

"तोही करतील, दहा दिवसांनी. आज माझ्यासाठी दोघांनी अलिंपी मांडलाय. मेणबत्ती, पाव, सगळं साग्रसंगीत. आणि आल्या पाहुण्याला उपाशी कोण सोडतो? तीन घरी मासे, तीन घरी राकिया दारू. शेवटी स्रेतेननंच साहेबाला धरून घरी पोचवलं. वाटेत एवढंच बरळत होता म्हणे, 'तिघांना काढलं तर व्हॉल्व्ह कोण फिरवणार?'"

महिनाभराच्या धास्तीनंतर बाई हातातल्या चमच्यासकट रडायलाच लागल्या.

"अगं, खा," काका म्हणाले. "आणि पुढच्या आवृत्तीत माझ्या मिशा परत लाव."