लाधाशेठच्या बंगल्यातले अडीच फूट

माझा काका, नंदकिशोर पांढरीपांडे, भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाला तेव्हा नारळ, शाल आणि एक टोपणनाव घेऊन घरी आला. नारळाची चटणी झाली, शाल शीलाकाकूने कपाटात टाकली, पण टोपणनाव बाभुळगावभर मोकाट सुटलं. पानठेल्यावरही लोक विचारायचे, "काय अडीच फूट, चहा घेता?"

नाव पडलं ते १९७८ साली. लाधाशेठ म्हणजे इंग्रजांच्या काळात कच्छमधून आलेला कापसाचा व्यापारी. पुढे बंगला, मागे कापसातली सरकी काढायचं जिनिंग. खिडक्यांना गज म्हणून त्याने गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या वाकवून ठोकल्या होत्या, इतका व्यवहारी माणूस! नातवांच्या वाटणीत या बंगल्याची मोजणी काकाकडे आली. बाहेरून बासष्ट फूट भरले. आतून सगळ्या खोल्या आणि भिंती धरून साडेएकोणसाठ. काकाने सात वेळा मोजलं, सात वेळा तेच. साहेब म्हणाले, "पांढरीपांडे, अडीच फूट काय उंदरानं खाल्ले?" आणि हातात सक्त ताकीद ठेवली. वर नकाशा जुळवायला काकालाच निजायची खोली अडीच फूट वाढवून काढावी लागली. चौतीस वर्षांच्या नोकरीतलं हे एकमेव खोटं, आणि ते त्याला काही केल्या पचलं नाही. झोपेतसुद्धा तो मोठमोठ्याने वजाबाकी करायचा. काकू म्हणायची, "मी नवऱ्यासोबत नाई, बासष्ट वजा साडेएकोणसाठसोबत संसार केला."

निवृत्तीनंतर तर या माणसाला ऊतच आला. गॅझेटियर वाचलं, जुने नकाशे चाळले, कळंबला जाऊन बंगला बांधणाऱ्या गवंड्यांच्या नातवंडांना छळलं. कौलं मंगळूरची, बिडाचे खांब मुंबईचे, सगळं धामणगावच्या स्टेशनावरून बैलगाडीने आलेलं, हे त्याने शोधून काढलं. अडीच फूट मात्र कुठल्याच कागदावर नव्हते.

मग २००६ उजाडलं. कापसाला कुणी विचारत नव्हतं, लाधाशेठच्या पणतवाचा, ललितभाईचा, जिन दोन हंगाम बंद होता, आणि बंगला पाडायला सोमवारी मशीन येणार असं ठरलं. काका चहा तसाच टाकून उठला. "अनघा, भिंती पडल्या की माहे अडीच फूट गेले! मंग मी मरेपर्यंत खोटाच!" मला हसू येत होतं, पण तोवर त्याने कपाटातून टेप काढलासुद्धा.

रविवारी सकाळी आम्ही बंगल्यावर. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये टेप आणि अर्ध्या शतकाचा केर. ललितभाई म्हणाला, "मोजा काका, उद्या तशीबी मातीच होणार आहे." मोजलं. बासष्ट. साडेएकोणसाठ! या वेळी काकाने एकेक भिंत ठोकूनही पाहिली; निजायच्या खोलीची मागची तेवढी बद्द वाजली, म्हणजे ती जागा तिच्यातच होती. ललितभाईचे डोळे लाडवाएवढे झाले. "काका, धन असन का जी आत?" झालं! अर्ध्या तासात निम्मं गाव अंगणात. कुणी उदबत्त्या आणल्या, कुणी नारळ. हिरासिंग गवंडी लोखंडी सब्बल घेऊन आला आणि त्याने आधी भिंतीच्याच पाया पडून घेतलं.

पहिला घाव, दुसरा घाव, तिसऱ्याला चुन्याचा पोपडा सुटला आणि भोकातून पांढरं काहीतरी डोकावलं. हिरासिंगने हात घालून ओढलं. आणि काय सांगू! भिंत ओकतच सुटली. कापूस! नुसता कापूस! पंख्याबिंख्याशिवाय खोलीभर उडायला लागला. मिशांवर कापूस, उदबत्त्यांवर कापूस, निम्मं गाव शिंकतंय, निम्मं हसतंय, आणि काका ओरडतोय, "बिड्या इझवा रे, बिड्या! उदबत्त्याबी!" मग त्याने भोकात टेप घातला आणि स्वतः न बघता ललितभाईपुढे धरला. "वाच. जोरानं वाच." ललितभाई शिंकत शिंकत म्हणाला, "दोन फूट सहा इंच." काकाने मला उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, म्हणून हिरासिंगला मिठी मारली.

रामराव या गावातले जुने शेतकरी. त्यांनी चिमूटभर कापूस घेतला आणि बोटांत धागा ओढून पाहिला. मग म्हणाले, "हा बणी हाय. माह्या आज्याच्या वावरातला वाण. आता याची सरकीबी पाहाले भेटत नाई." मागून कुणीतरी ओरडलं, "ललितभाई, याले तरी भाव देता का?" आणि रामरावांसकट सगळे खदखदून हसले.

पण भिंतीत कापूस कशाला? ललितभाईने अमरावतीच्या फईला, म्हणजे आत्याला, फोन लावला. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, फोनमधून अंगणभर ऐकू येत होती.

"अरे, ते माह्या आजीची भिंत! मांगं जिन धडधड करे, तिच्या डोळ्याले डोळा लागे ना. अठरा वर्साची पोरगी. म्हणे, दागिना नको, झोप पाहिजे. मंग आज्यानं दुहेरी भिंत बांधून मधात कापूस ठासला. आवाज बंद!"

काका फोनवर ओरडला, "मंग इतके वर्सं सांगतलं काहून नाई?"

"मले कोणी इचारलंच नाई ना बाप्पा!"

काकाने कपाळावर हात मारला. गॅझेटियर, नकाशे, गवंडी, सगळे पुरुष त्याने पालथे घातले होते; घरातल्या एखाद्या बाईला विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. तेवढ्यात मागून शीलाकाकू म्हणाली, अगदी शांतपणे, "मलेबी नाई इचारलं कोणी."

"काय?"

"झोप लागते का म्हणून. अठ्ठावीस वर्सं झाले."

अंगणातलं हसू एकदम विरलं.  काकाने ललितभाईकडून पोतं मागितलं आणि त्यात स्वतःच्या हाताने कापूस भरला.

सोमवारी मशीन आलं आणि बंगला गेला. मला वाईट वाटलं, काकाला नाही. त्याने तोवर पिंजाऱ्याकडून बणीच्या दोन उशा करून आणल्या होत्या. वजाबाकी थांबली खरी, पण तिच्या जागी घोरणं आलं, आणि ते असं की शेजारचे बघायला आले. काकूने मुकाट्याने आपल्या उशीची शिवण उसवून कापसाचे दोन बोळे काढले आणि कानात घातले.

आता काका दुपारची झोप काढून उठला की आधी तिच्याजवळ जाऊन विचारतो, "लागली का झोप?" काकूच्या कानात बोळे असतात, त्यामुळे त्याला तीन तीनदा विचारावं लागतं. पण विचारतो.