शेवटचा फटका कोणाचा?

बाबाराव भाऊंनी मुखवटा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, शेवटचा फटका माहा नसन त मी चाललो ऊर्जानगरले."

तालमीचा पहिलाच दिवस होता. चहासुद्धा अजून आला नव्हता.

मी पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत नाटकं बसवते. आमच्याकडे धान घरात आलं की गावोगावी नाटकांचा हंगाम सुरू होतो. आमच्या कंपनीचं हुकमी नाटक म्हणजे 'वीजबहाद्दर'. निळा मुखवटा, छातीवर पेटणारे बल्ब. दर वर्षी गोष्ट नवी, पण हिरो तोच आणि व्हिलनही तोच. व्हिलनचं नाव अंधारासूर. तो गावची लाइट पळवतो. लोडशेडिंगच्या काळात हे पात्र जन्माला आलं, त्यामुळे लोकांना ते समजावून सांगावं लागलं नाही.

यंदा नाटकाचा रौप्यमहोत्सव. मालक नामदेवरावांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं, की परदेशातल्या सुपरहिरोंच्या मालिकांना बरीच वर्षं झाली की एक खास भाग करतात. जुने हिरो परत येतात, नव्याच्या शेजारी उभे राहतात, मागे जुनं म्युझिक वाजतं. याला ट्रिब्यूट म्हणतात, म्हणजे मानवंदना.

"आपणबी करू," मालक म्हणाले. "तिन्ही वीजबहाद्दर एका स्टेजवर. पब्लिक पागल होईन."

"मालक, हिरो तीन आणि व्हिलन एक. त्याला मारणार कोण?"

"ते तुमी पाहा. डायरेक्टर कोन आहे?"

पंचवीस वर्षांत हे काम तिघांनी केलं. पहिले वीजबहाद्दर बाबाराव भाऊ. वीज केंद्रातून रिटायर झालेले, तिथल्याच ऊर्जानगर वसाहतीत राहतात, गुडघे दुखतात. दुसरे मनोहर भाऊ, माजरीला कोळशाच्या खाणीत डंपर चालवतात. तिसरा राकेश, सध्याचा. तो जिमला जातो आणि आरशासमोर डायलॉग पाठ करतो.

प्रत्येकाला एंट्री हवी होती, टाळीचं वाक्य हवं होतं आणि शेवटचा फटका तर हवाच होता. बाबाराव भाऊ म्हणत, हे नाटक मी सुरू केलं. मनोहर भाऊ म्हणत, पार टोकाच्या सिरोंच्यापर्यंत पोचवलं मी. राकेश म्हणे, पोस्टरवर फोटो कोणाचा आहे?

मी शेवट बदलला. तिघं एकदम लाथ मारतील असं लिहिलं.

"एकदम म्हनजे आधी पाय कोनाचा लागन?" मनोहर भाऊंनी विचारलं.

मी पुन्हा बदलला. तिघं पाळीपाळीनं मारतील. त्यावर तिघांनाही तिसरा नंबर हवा होता. त्या आठवड्यात मी घरी गेले की नवरासुद्धा काही विचारत नसे.

या सगळ्यात अंधारासुराला कोणी काही विचारलं नव्हतं. ते काम पहिल्या प्रयोगापासून पुंडलिक भाऊच करतात. सावली तालुक्यातले धानाचे शेतकरी. आता साठी ओलांडली आहे. तिघंही हिरो त्यांनाच मारत मोठे झाले. स्टेजवरच्या फाइटमध्ये ठोसा अंगाला लागत नाही, वीतभर अलीकडे थांबतो. बाकीचं काम मार खाणाऱ्याचं असतं. मान झटकणं, कळवळणं, कोलमडणं हे त्यानंच करायचं.

मनोहर भाऊंचा सराव सुटला होता. मुखवट्याखाली चष्मा मावेना, म्हणून तो काढून ठेवलेला. एका तालमीत त्यांचा ठोसा वीतभर अलीकडे थांबला नाही. पुंडलिक भाऊ लाकडी चौथऱ्याच्या काठावर पडले आणि खांद्याजवळचं हाड मोडलं.

दवाखान्याच्या बाकावर तिघं हिरो शेजारी शेजारी बसले. पहिल्यांदाच कोणी काही मागत नव्हतं.

प्रयोग तोंडावर आलेला, चंद्रपूरचं सभागृह घेतलेलं. मालक म्हणाले, "दुसरा व्हिलन आना." मी एका नटाला फोन केला. त्यानं विचारलं, "मार कोनाकोनाचा खायचा आहे?" मी तिन्ही नावं सांगितली. त्यानं फोन ठेवला.

दोन दिवसांनी पुंडलिक भाऊ हात झोळीत अडकवून तालमीला हजर.

"बाई, मी करतो. पन कोनी हात लावाचा नाई."

"मग तुम्ही मरणार कसे?"

"बसल्या बसल्या मरीन. खुर्ची द्या एक. इतके वर्सं मीच पडत राह्यलो, हे नुसते हात उचलत."

मनोहर भाऊंनी स्वतः खुर्ची आणून दिली. मी डॉक्टरांना विचारलं, आणि एक भक्कम सिंहासन बनवून घेतलं.

प्रयोग दुपारचा होता. माणसं पोरांना घेऊन आली होती. बाबाराव भाऊंना टाळ्या पडल्या, मनोहर भाऊंना शिट्ट्या. राकेशला पाहून पोरं खुर्च्यांवर चढली. मग लाइट मंद झाले आणि काळ्या झग्यात पुंडलिक भाऊ सावकाश चालत आले. सिंहासनावर बसले.

सगळं सभागृह उभं राहिलं. पोरांचे बाप "अंधारासूर, अंधारासूर" ओरडत होते. लहानपणी ज्याला घाबरून आईच्या पदराआड लपले, तो समोर बसला होता. टाळ्या थांबेनात. तिघं हिरो हात उगारून तसेच उभे. मग बाबाराव भाऊंनी उगारलेला हात खाली घेतला आणि पुंडलिक भाऊंना नमस्कार केला. हे नाटकात नव्हतं. मनोहर भाऊंनीही केला, पण वाकून, थेट पायांना हात लावून. राकेशनं इकडे तिकडे पाहिलं आणि हात जोडले.

मी विंगेत कपाळाला हात लावला. सुपरहिरो व्हिलनच्या पाया पडतात, आता नाटक संपवायचं कसं?

पुढच्या रांगेतली एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "आई, याले मारत काऊन नाईत?"

पुंडलिक भाऊ गरजले, "हात काय जोडता? मारा ना!"

लोक हसले. तिघांनी हात उचलले, छातीवरचे बल्ब पेटले, लखकन उजेड झाला आणि काळोख. लाइट आले तेव्हा अंधारासूर सिंहासनावर मान टाकून गतप्राण झाला होता. त्याला कोणी स्पर्शही केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिघांचे वेगवेगळे फोन आले. तिघांचं म्हणणं एकच होतं, "बाई, आधी हात माहाच उठला व्हता. दिसलं ना तुमाले?"

मी तिघांनाही हो म्हटलं.

जुन्या मालिकेला मानवंदना द्यायची असेल, तर आधी मार खाणाऱ्याला विचारावं. मारणारे बोलावल्याशिवायही येतात.